विश्लेषण : आजीच्या अंगावरून ‘वारे’ गेले, पणजोबा ‘पटकी’ने गेले, आजारांच्या जुन्या नावांचा आजचा अर्थ काय?

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘घरात आधी कोणाला काही मोठा आजार होता का?’ उत्तर येते, ‘आजीच्या अंगावरून वारे गेले होते. मोठी काकू सुवारोगाने गेली. आजोबा छातीत कळ येऊन गेले.’ डॉक्टर तरुण असतील, शहरात शिकलेले असतील, तर ही उत्तरे कागदावर उतरतीलच असे नाही. बरेचदा त्या रकान्यात ‘विशेष काही नाही’ एवढेच लिहिले जाते. प्रत्यक्षात या तीन वाक्यांत पक्षाघात, बाळंतपणातील गंभीर गुंतागुंत आणि बहुधा हृदयविकार, अशी दोन पिढ्यांची आरोग्य माहिती दडलेली असते.

मराठीत आजारांना शेकडो जुनी नावे आहेत. काही संस्कृतातून आली, काही लक्षणांवरून पडली, काही भीतीपोटी देवीच्या नावाने घेतली गेली. त्यातली काही नावे आजही वापरात आहेत, पण त्यांचा अर्थ मात्र बदलला आहे. ही नावे कुठून आली, आजच्या वैद्यकशास्त्रात त्यांना काय म्हणतात आणि नावाच्या गोंधळाचा फटका रुग्णाला कसा बसतो, ते समजून घेऊया.

जुनी नावे कशावरून पडली?

जंतू, विषाणू, रक्ततपासणी या गोष्टी नव्हत्या, तेव्हा डोळ्यांना जे दिसे त्यावरूनच नाव पडे. धनुर्वातात पाठीचे स्नायू इतके आखडतात की शरीर धनुष्यासारखे वाकते. हत्तीरोगात पाय सुजून हत्तीच्या पायासारखा दिसतो. क्षय म्हणजे झिजणे. रुग्ण महिनोन्‌महिने झिजत जातो म्हणून क्षय. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला महाराष्ट्रातल्या खेड्यांत ‘मानमोडी’ म्हणत. त्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे.

हे फक्त मराठीतच घडले असे नाही. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थ ‘वाईट हवा’. हा ताप दलदलीच्या घाण हवेमुळे येतो, अशी तेव्हाची समजूत होती. तो डासांमार्फत पसरत असल्याचा महत्त्वाचा पुरावा १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादमध्ये शोधला. नाव मात्र तेच राहिले. त्या तुलनेत थंडी वाजून येणारा तो ‘हिवताप’ हे मराठी नाव अधिक अचूक म्हणावे लागेल.

‘पटकी’, ‘वाखा’, ‘मरी’ म्हणजे नेमके काय?

या तिन्ही नावांचा रोख प्रामुख्याने कॉलराकडे असे. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जुलाब-उलट्यांनी संपत असे. गावावर ‘मरी’ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेण्याची प्रथा होती. जरीमरी हे देवीचे नावही याच भीतीतून घेतले जाई. ‘महामारी’ हा शब्दही पूर्वी कॉलरा-प्लेगसारख्या साथींसाठी वापरला जाई. करोनानंतर तो जगभर पसरलेल्या कोणत्याही साथीसाठी रूढ झाला.

कॉलऱ्याचा जंतू दूषित पाण्यातून पोटात जातो. त्याचे विष आतड्यातून पाणी आणि क्षार बाहेर खेचते आणि रुग्ण पाणी कमी झाल्यामुळे दगावतो. हे विष कसे काम करते, ते कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. पुढे १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजून मोठ्या प्रमाणावर रुग्ण वाचवले. तेच आजचे ओआरएस. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवावे.

‘मोडशी’ची गोष्ट वेगळी का आहे?

पावसाळ्यात पाणी बदलले, पोट बिघडले की घरातली जुनी माणसे म्हणतात, ‘मोडशी झाली असेल, सुंठ-साखर दे.’ आज मोडशी म्हणजे साधे अपचन. पण साडेचारशे वर्षांपूर्वी हाच शब्द कॉलऱ्यासारख्या जीवघेण्या आजारासाठी वापरला जात होता.

गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या त्यांच्या ग्रंथात या आजाराचे वर्णन आहे आणि त्याचे स्थानिक नावही नोंदवले आहे. कोकणी-मराठीतल्या ‘मोडशी’चे पोर्तुगीजांनी ‘मोर्देशीं’ केले. फ्रेंचांनी त्याला आपल्या भाषेचा साज चढवला आणि ‘मोर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे नाव तयार झाले. अठराव्या शतकापर्यंत युरोपीय लोक कॉलऱ्याला हे नाव वापरत होते. मूळ शब्द ‘मोडणे’ या क्रियापदाशी जोडला जातो. माणूस मोडून पडतो, म्हणून मोडशी.

म्हणजे एकच शब्द, पण काळानुसार अर्थ दोन. त्यामुळे जुन्या कागदपत्रात ‘मोडशीने वारले’ असा उल्लेख सापडला, तर तो अपचनाचा समजू नये.

‘देवी’, ‘गोवर’ आणि ‘कांजिण्या’ एकच का?

नाही. तिन्हींमध्ये अंगावर पुरळ येते, पण विषाणू तीन वेगळे आहेत.

‘देवी’ म्हणजे स्मॉलपॉक्स. हा आजार देवीचा कोप मानला जाई, म्हणून ‘देवी आल्या’ असे म्हणत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहत आणि अनेकांचे डोळे जात. भारतात या रोगावरची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात देवीचा रुग्ण कळवणाऱ्याला एक हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली ती जाहिरात आज साठी ओलांडलेल्या अनेकांना आठवते. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यामुळे आज कोणी ‘मुलाला देवी आल्या’ म्हणत असेल, तर ती देवी नक्कीच नाही. बहुतेक वेळा त्या कांजिण्या असतात.

‘कांजिण्या’ म्हणजे चिकनपॉक्स आणि ‘गोवर’ म्हणजे मीझल्स. गोवराला ‘प्रत्येक मुलाला एकदा येतोच’ म्हणून सोडून दिले जाते, ते धोक्याचे आहे. गोवरातून न्यूमोनिया, मेंदूला सूज, अंधत्व येऊ शकते. सरकारी लसीकरणात नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची लस मोफत मिळते.

‘नागिणी’ने वेढा पूर्ण केला तर माणूस दगावतो का?

नाही. ‘नागीण’ म्हणजे हर्पिस झोस्टर आणि तिचे नाते थेट कांजिण्यांशी आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीराबाहेर जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे झोपून राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा वर येतो. म्हणून पुरळ पट्ट्यासारखे, वळसा घेत गेलेले दिसते. त्यावरूनच नागीण हे नाव पडले.

शरीराच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे मज्जातंतू वेगळे असतात. त्यामुळे हा पट्टा सहसा मध्यरेषेपाशी थांबतो. नागिणीचे ‘तोंड आणि शेपूट’ एकमेकांना भेटत नाही, याचे कारण मंत्र किंवा लेप नसून शरीराची रचना आहे. खरे नुकसान होते ते लेप लावण्यात वेळ गेल्याने. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा सर्वाधिक फायदा होतो. पुरळ कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण दृष्टीला धोका असतो.

‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे काय?

अर्धांगवायू, पक्षाघात, लकवा, अंगावरून वारे जाणे ही सारी नावे एकाच गोष्टीची आहेत. आजच्या भाषेत स्ट्रोक. ‘वायू’ आणि ‘वारे’ या शब्दांमुळे हा आजार हात-पायांचा आहे, गार वारा लागल्याने झाला, असा समज होतो. मग मालीश, शेक, काही ठिकाणी पारव्याचे रक्त चोळण्यासारखे उपाय सुरू होतात.

प्रत्यक्षात बिघाड मेंदूत असतो. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद होते किंवा फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. या आजारात नावाचा अर्थ चुकीचा लावला तर हेच साडेचार तास हातचे जातात. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यापैकी काहीही अचानक झाले तर लगेच सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

‘कावीळ’ हा आजार आहे की लक्षण?

इथे मराठीत सर्वाधिक गोंधळ आहे. कावीळ हा स्वतंत्र आजार नाही. रक्तातले बिलिरुबिन वाढले की डोळे आणि त्वचा पिवळी दिसते. ते वाढण्याची कारणे अनेक आहेत. दूषित पाण्यातून होणारा हेपटायटिस ए किंवा ई, रक्तातून पसरणारा बी किंवा सी, पित्ताशयातला खडा सरकून नळीत अडकणे, लेप्टोस्पायरोसिस, दारूमुळे खराब झालेले यकृत, कर्करोग.

हेपटायटिस ए आणि ई बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्या काळात कोणी नाकात औषधाचे थेंब घातले, गळ्यात माळ बांधली किंवा दंडावर डाग दिला, तर श्रेय त्या उपायाला मिळते. मग तोच उपाय खडा अडकलेल्या किंवा हेपटायटिस बी झालेल्या रुग्णावरही केला जातो आणि तपासणी लांबते. गर्भवतीला हेपटायटिस ई झाल्यास जिवाला धोका असतो. म्हणून ‘कावीळ झाली’ हे निदान समजू नये. ती कशामुळे झाली, हे रक्ततपासणीतूनच कळते.

‘पांडुरोग’ आणि ‘जलोदर’ या नावांचेही असेच आहे. पांडुरोग म्हणजे रक्त कमी होऊन आलेला फिकटपणा, म्हणजे ॲनिमिया. जलोदर म्हणजे पोटात पाणी होणे. यकृत, हृदय, मूत्रपिंडाचा बिघाड किंवा क्षय यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

एकाच नावाचे दोन आजार कोणते?

- विषमज्वर : मराठी पाठ्यपुस्तकात विषमज्वर म्हणजे टायफॉइड. आयुर्वेदाच्या ग्रंथांत मात्र हे नाव अनियमित, पाळीपाळीने येणाऱ्या तापाला आहे, म्हणजे ते मलेरियाच्या अधिक जवळ जाते. दोन्हींची औषधे पूर्णपणे वेगळी आहेत. टायफॉइडचे बोलीतले नाव ‘मुदतीचा ताप’, कारण तो आपली मुदत पुरी करूनच उतरे.

- गरमी : ‘अंगात गरमी वाढली’ असे आज सहज म्हटले जाते. जुन्या मराठीत मात्र ‘गरमी’ म्हणजे उपदंश, आजच्या भाषेत सिफिलिस. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेद ग्रंथात याला ‘फिरंग रोग’ म्हटले आहे, कारण तो फिरंग्यांबरोबर आला असे मानले गेले. ‘परमा’ म्हणजे गनोरिया.

- गलगंड आणि गालगुंड : दोन्ही शब्द कानाला सारखे, पण आजार वेगळे. गलगंड म्हणजे थायरॉइड ग्रंथी वाढून गळ्याला आलेली सूज. आयोडीनची कमतरता हे त्याचे एक मोठे कारण. गालगुंड म्हणजे मम्प्स, कानाखालच्या लाळग्रंथींना येणारी विषाणूजन्य सूज. ‘गंडमाळा’ हे तिसरे नाव. मानेत माळेसारख्या गाठी येणे. अनेकदा हा क्षयरोगच असतो.

‘गाठीचा ताप’ कोणता?

गाठीचा ताप म्हणजे प्लेग; काखेत किंवा जांघेत गाठ आणि जोराचा ताप. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. घरात ‘उंदीर पडले’ की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. पुण्यात रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गाव आणि सुरत येथे प्लेगची साथ पुन्हा चर्चेत आली, तेव्हा जुन्या पिढीने लगेच ‘गाठीचा ताप’ हेच नाव घेतले. आज प्रतिजैविके वेळेत मिळाली तर हा आजार बरा होतो.

‘क्षय’ हे नाव अजून टिकून कसे आहे?

राजयक्ष्मा, कफक्षय, क्षय, टीबी असा या नावाचा प्रवास आहे. भारतातल्या सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचा १८८७ मध्ये वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी क्षयाने मृत्यू झाला. त्याआधी पाचच वर्षे, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले होते. पण त्यावर परिणामकारक औषध यायला आणखी सहा दशके जावी लागली.

आज सरकारची रुग्णनोंदणी ‘नि-क्षय’ याच नावाने चालते. उपचार काळात पोषणासाठी रुग्णाला थेट खात्यात मदत मिळते. २०१८ मध्ये ती महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये करण्यात आली. क्षय फक्त फुफ्फुसाचा नसतो. हाडे, गाठी, मेंदू, गर्भाशय कुठेही होऊ शकतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी.

नाव बदलल्याने काय फरक पडतो?

‘महारोग’ या शब्दाकडे पाहिले की ते कळते. कुष्ठरोग हा कमी संसर्गजन्य आजार आहे आणि बहुविध औषधोपचाराने साधारण ६ ते १२ महिन्यांत पूर्ण बरा होतो. पण ‘महारोगी’ म्हटले की माणूस गावाबाहेर टाकला जाई. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला संस्था उभी केली तेव्हा तिच्या नावातही ‘महारोगी’ हाच शब्द होता, कारण तेव्हा तोच प्रचलित होता.

कायदाही मागे राहिला होता. रुग्णांना वेगळे ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद २०१९ मध्ये विविध वैयक्तिक कायद्यांतून काढण्यात आली. म्हणजे औषध आल्यानंतरही कितीतरी दशके जुन्या नावाची भीती कागदावर जिवंत होती.

‘फेफरे’ किंवा ‘मिरगी’ म्हणजे अपस्मार, एपिलेप्सी. या नावामागेही भूतबाधेचा संशय चिकटलेला आहे. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाला लावणे याने झटका थांबत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर रुग्णालयात न्यावे.

नावातून कलंक लागू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या आजारांना गाव, देश, व्यक्ती किंवा प्राण्याचे नाव देऊ नये, असे मार्गदर्शन केले. २०२२ मध्ये ‘मंकीपॉक्स’चे ‘एमपॉक्स’ झाले, ते त्याच विचारातून.

झटपट यादी : जुने नाव आणि आजचा अर्थ

- घटसर्प : डिप्थेरिया
- डांग्या खोकला : पर्ट्युसिस
- धनुर्वात : टिटॅनस (या तिन्हींपासून संरक्षण बालकांच्या पेंटाव्हॅलेंट लसीत मिळते)
- मुडदूस : रिकेट्स, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता
- रातांधळेपणा : बालकांत बहुधा ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता
- काचबिंदू : ग्लॉकोमा; मोतीबिंदू : कॅटरॅक्ट
- नारू : गिनी वर्म, २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित
- हत्तीरोग : फायलेरिया
- मूतखडा : किडनी स्टोन
- बाळंतज्वर : बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग

घरातल्या जुन्या माणसांना काय विचारावे?

डॉक्टरांना आजाराचे नाव अचूक सांगता आले नाही तरी चालते. लक्षणे आणि वय सांगितले तरी बरेच काही कळते. त्यासाठी आजी-आजोबा, आत्या, मावशी यांच्याकडून चार गोष्टी विचारून मोबाइलमध्ये लिहून ठेवता येतील. आजार झाला तेव्हा वय काय होते? सुरुवात अचानक झाली की हळूहळू? नेमके काय होत होते? किती दिवसांत गेले किंवा बरे झाले?

‘सुवारोगाने गेली’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसे कळणार नाही. त्यात जंतुसंसर्ग, रक्तक्षय, बाळंतपणातले झटके असे काहीही असू शकते. पण ‘आठव्या महिन्यात पायांवर, तोंडावर सूज आली, मग आकडी आली आणि गेली’ असे सांगितले, तर उच्च रक्तदाबामुळे येणाऱ्या एक्लॅम्प्सियाची शंका येते. त्या बाईची मुलगी किंवा बहीण गर्भवती असेल तर डॉक्टर तिच्या रक्तदाबावर पहिल्यापासून बारीक लक्ष ठेवू शकतात. ‘छातीत कळ येऊन गेले’ सोबत ‘तेव्हा वय ४२ होते’ हे कळले, तर मुलांच्या हृदयाची तपासणी लवकर करता येते.

ही माहिती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. ती घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या आठवणीत, त्यांच्याच शब्दांत असते.